एका लोट्याचे पाणी

॥ श्री ॥
सानगडी, २७ नोव्हेंबर १९८०

चि. इश्वर यास टिकारामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडील सर्व क्षेम. हलके धान कापून झाले, भारी अजून बांध्यांत उभे आहे. तुझी ताई मजेत असून तिची तक्रार एकच, ती म्हणजे मी. ती तू आमच्या लग्नापासून ऐकत आला आहेस, तेव्हा त्यात नवे काही नाही. दिवाळीला तू आला नाहीस. नाक, कान आणि घसा या तिहींचा डॉक्टर असून एकाही इंद्रियाला घरचा फराळ आठवू नये, याचे आम्हांस वाईट वाटले.

आता कामाचे. मनिराम ढिवर तुला आठवत असेल. लहानपणी तू त्याच्या डोंग्यातून तलावात पडलास तेव्हा त्यानेच केसांना धरून वर काढले होते. त्याची मुलगी जिजा यंदा लग्नाची झाली. सिहोऱ्याच्या मंगरू ढिवराच्या मुलाशी, गोपीचंदशी, वैशाखात लग्न ठरले आहे. मुलगा बावनथडी नदीत जाळे टाकतो, बोलतो कमी. मला आवडला.

पण जिजाच्या उजव्या नाकपुडीत काहीतरी वाढले आहे. लालभडक, मांसासारखे, वर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. श्वास घेताना ते आत हलते, सकाळी नाक अधिक चोंदते, आणि शिंक आली की रक्त थांबता थांबत नाही. परवा शिंगाडे काढताना तिच्या नाकातले रक्त पाण्यावर पसरले आणि बाया ओरडत काठावर पळाल्या. मनिरामने घोळणा फुटला म्हणून वेळ मारून नेली. आता ते बाहेर डोकावू लागले आहे. पोरगी पदराने नाक झाकून बोलते. सिहोऱ्याला कळले तर लग्न मोडेल या भीतीने मनिराम जेवत नाही, आणि त्याची भीती खोटी म्हणता येत नाही.

हे रक्तपित्त, म्हणजे उष्णतेने नाकातून रक्त जाणे, आहे असे ठरवून मी तिला रोज पहाटे तलावाचे पाणी नाकाने ओढायला सांगितले. मी स्वतः तरुणपणापासून ओढतो. आम्हा कोहळी जातीच्या लोकांच्या पूर्वजांनी खणलेला तलाव आणि ग्रंथांनी वाखाणलेला उपचार, यात चूक शिरायला फट कुठे? तरी गाठ वाढतेच आहे. म्हणून तुझ्या विद्येला एक संधी द्यावी म्हणतो.

लोभ आहेच. तो पत्राच्या उत्तरात दिसावा.

टिकाराम कापगते

—

नागपूर, ४ डिसेंबर १९८०

ती. भाऊजींस इश्वरचा शि. सा. न. वि. वि.

संधीबद्दल आभारी आहे. पहिली गोष्ट, नाकाने पाणी ओढणे आजपासून बंद. तिचे आणि तुमचेही.

असे रोगी आमच्याकडे येतात आणि बहुतेक आपल्याच बाजूचे असतात. तलावात बुड्या मारणारे, गुरे धुणारे, शिंगाडे काढणारे. रोगाचे नाव लांबलचक आहे. ते लिहिले तर तुम्ही त्याची फोड करत बसाल आणि मुलगी तिकडेच राहील, म्हणून लिहीत नाही. साठलेल्या पाण्यातला एक सूक्ष्म जीव नाकातल्या खरचटल्या जागी घर करतो, असा आमचा समज आहे. बुरशीच्या जातीचा म्हणतात. त्याच्याविषयी अजून बरेच कळायचे आहे. रव्यासारखे ठिपके म्हणजे त्याच्या बियांच्या पिशव्या. गाठ मुळापासून काढून बूड विजेच्या तारेने डागावे लागते. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजे खात्री होते. एका माणसाचा हा रोग दुसऱ्याला लागल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गावात कोणी सुताने आवळून तोडू म्हणेल, तर तोडू देऊ नका. रक्त आवरणार नाही. तिला लवकर घेऊन या.

आता एक विचारतो. ते श्वासाबरोबर आत हलते आणि सकाळी अधिक चोंदते, हे तुम्हाला कसे कळले? जिजा लाजून पदर काढत नाही म्हणता. मग इतके आतले तुम्हाला कोणी सांगितले?

ताईस नमस्कार. फराळ अजून उरला असल्यास माझी तिन्ही इंद्रिये तयार आहेत.

आपला
इश्वर

—

सानगडी, १२ डिसेंबर १९८०

चि. इश्वर यास ताईचा आशीर्वाद.

तुय पत्र आलं. याइनं, तुया भाऊजीनं, वाचलं, घडी केली न पोथीत ठेवलं. मले मनले, ख्यालीखुशाली हाये. मी पोथीतून काढून वाचलं. चौथी शिकली मी, येवढं वाचता येते मले.

तू बराबर धरलं. याइच्या डाव्या नाकात तसंच हाये. दोन वर्स झाले. उशीवर रक्त दिसते त मले मनते का पान खाल्लं होतं. झोपेत कोन पान खाते बाबू? तोंडानं दम घेते, आन असे घोरते का भिताडातले उंदीर शेजारी रायाले गेले. नाकातले अक्षर नीट निघत नाई मून शाळेत शिकवताना पोरं हासले, तवापासून श्लोक मोठ्यानं मनाचं सोडलं. लोक लग्नात मंगलाष्टकं मनाले बलावते त घसा बसला सांगते. याइच्यावानी मंगलाष्टकं या पट्टीत कोनाचे नोयते, तुले त मालूमच हाये.

मी काही बोलत नाई. हुशार मानूस हाये, पन त्यातली अर्धी हुशारी आपली लाज लपव्यात जाते. जिजाले दवाखान्यात कोन नेईन मून गोठ निंगाली त लगेच मनले, मी नेतो. मी गुमान भाकरी बांधून देतो. तिथं आले का तू धर. मी लिवलं मून सांगू नोको.

तब्बेतीले जप. पत्र टाकत जाय, मी पोथीतून काढून वाचत जाईन.

तुयी ताई
देवका

—

नागपूर, १० जानेवारी १९८१

ती. भाऊजींस शि. सा. न. वि. वि.

तुम्ही आणि जिजा सानगडीला सुखरूप परतल्याचे कळले. दोघांच्या नाकांतून काढलेले दोन्ही तुकडे मी स्वतः पाहिले. काचेखाली दोन्हींत तेच गोल, बियांनी भरलेले. ढिवराचे नाक कोणते आणि पंडिताचे कोणते, हे सूक्ष्मदर्शकाला ओळखता आले नाही.

वॉर्डात तुम्ही साऱ्यांना सांगितलेत की मी मुलीच्या सोबतीला आलो, मेहुण्याने भीड घातली म्हणून नाक दाखवले. सिस्टर मला विचारत होत्या की इतक्या भिडस्त माणसाच्या नाकातून इतके रक्त कसे गेले.

हा रोग काढल्यावर पुन्हा उगवतो. ते टाळावे म्हणून तुम्हा दोघांना पांढऱ्या गोळ्या दिल्या आहेत, रोज एक, निदान वर्षभर. काही डॉक्टरांना गुण दिसला आहे. आशा आहे, हमी नाही. ओठ निळसर वाटले किंवा अंगावर पुरळ उठले तर थांबवून मला कळवा.

आणि जे निघताना बोललो तेच पुन्हा लिहितो. ह्याच गोळ्या महारोगावर देतात. रोग वेगळा, गोळी एक. कोणाच्या नजरेस पडण्याआधी मनिरामला, आणि त्याच्यामार्फत सिहोऱ्याला, हे स्वच्छ सांगून टाका. तुम्हीही या गोळ्या घेता हे सांगितलेत तर फारच बरे. तलावात डोके बुडवायचे नाही. जिजाने शिंगाड्यांना जायचे नाही. मासळी विकावी, हिशेब करावा, काहीही करावे, पाण्यात उतरू नये.

ताईची माया आणि तुमचे टोमणे दोन्ही चालू राहावेत.

इश्वर

—

सानगडी, २२ फेब्रुवारी १९८१

चि. इश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

तुझी आज्ञा पाळून तलाव सोडला. विहिरीवर अंघोळ करतो. पहाटे सवयीने पारेवर, तलावाच्या बांधावर, जातो आणि काठावर बसून परत येतो. आमच्या आजोबांच्या आजोबांनी ज्याची माती डोक्यावर वाहिली, त्या पाण्याला पाय न लावता परतताना आपण कोणाच्या तरी घरून न जेवता उठलो असे वाटते. पण आजचे दुःख ते नव्हे.

मागच्या आठवड्यात गोपीचंदची आई जमुनाबाई साडीचोळी घेऊन मनिरामकडे आली. जिजाचे नाक स्वच्छ झाले आहे, चेहरा उजळला आहे. बाई खूश होती. पाने वाढली. जेवणाआधी जिजाने देवळीतला डबा काढून गोळी घेतली. जमुनाबाईने पाहू म्हणून एक तळहातावर मागितली, उलटीसुलटी केली, परत डब्यात टाकली आणि पोट दुखते म्हणून पानावरून उठली. साडीचोळी मात्र ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी निरोप आला की मुलीला महारोग आहे, सोयरीक राहिली नाही.

तू सांगायला सांगितले होतेस. मी सिहोऱ्याला सांगितले नाही आणि मनिरामलाही सांगू दिले नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन संशय कशाला वाढवा, असा मी विचार केला. माझे सर्व विचार असेच बांधेसूद असतात.

मला कळत नाही ते हे की त्या बाईने गोळी ओळखली कशी? तिला अक्षर येत नाही. लहानशी पांढरी गोळी, तशा दुकानात पन्नास प्रकारच्या असतील.

मनिराम पारेवर येऊन बसतो आणि पाण्याकडे पाहतो. आता आम्ही दोघे तेच करतो. जिजा रडली नाही. काल मला पाहून तिने एवढेच विचारले, "गुरुजी, तुमी बी हेच गोळी खाता ना? मंग तुमची बाई काहून नाई पळून गेली तुमाले सोडून?" माझा डबा पोथ्यांच्या मागे असतो हे तिला ठाऊक आहे, नागपूरला तिच्यासमोरच तू दोघांना दिले होतेस. आणि तरी तिने गावात कोणाला सांगितलेले नाही.

देवाच्या दयेने हा तो रोग नव्हे, असा तुझ्या सहीशिक्क्याचा कागद ताबडतोब पाठव. या वेळी टोमणा नाही, विनंती आहे.

टिकाराम

—

नागपूर, २८ फेब्रुवारी १९८१

ती. भाऊजींस शि. सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. रोगाचे नाव, तपासणीचा निकाल, सही, शिक्का, सगळे आहे. 'देवाच्या दयेने' हे शब्द घातलेले नाहीत. आमच्या शेजारच्या खोलीत त्या रोगाचे लोक सकाळपासून रांगेत बसतात. त्यांच्या वाटची दया देवाने कमी केली, असे मला लिहवत नाही. ही गोळी वेळेत सुरू केली तर त्यांची बोटे वाचतात, ते आपल्या घरात राहू शकतात. घरच ठेवून घेत नाही ती गोष्ट वेगळी, आणि त्यावर माझ्याकडे गोळी नाही.

जमुनाबाईने गोळी कशी ओळखली, असे विचारता. अक्षर येणारा ती डब्यावरचे छापील नाव वाचून ओळखेल. न वाचता ओळखायची तर ती रोज हाताळावी लागते.

या कागदाने काम होईल असे मला वाटत नाही. तुमच्या पोथ्यांच्या मागे त्याहून मोठा पुरावा आहे. जिजाच्या प्रश्नाचे उत्तर मला कळवू नका, ते सिहोऱ्याला घेऊन जा. ताईलाही न्या.

राग आला तर येऊ द्या. नंतर तो माझ्यावरच काढा, दुसऱ्या कोणावर नको.

इश्वर

—

सानगडी, १५ मार्च १९८१

चि. इश्वर यास टिकाराम आणि देवका यांचे आशीर्वाद. वि. वि.

राग आला. दोन दिवस होता, मग कंटाळून गेला. परवा आम्ही सिहोऱ्याला जाऊन आलो. मी, तुझी ताई आणि मनिराम. लाखनीला गाडी इतकी थांबली की मला परत फिरायला भरपूर सवड मिळाली. तुझी ताई खिडकीकडे बसून माझ्याकडे पाहत होती, म्हणून फिरलो नाही.

मंगरूने अंगणात खाट टाकली. तुझा कागद मी वाचून दाखवला. त्याने तो कपाळाला लावला आणि आढ्यात खोचून ठेवला, जसा माणूस देवाचा अंगारा ठेवतो, न उघडता. आम्हाला पाणी द्रोणात आले, पिऊन झाल्यावर फेकता यावे म्हणून. मनिरामने मान खाली घातली.

मग मी डबा काढला. गोळी तळहातावर ठेवून म्हणालो, "जमुनाबाई, तुम्ही पाहिली ती हीच. जिजाच्या नाकात जे झालं तेच माझ्या नाकात झालं. तिनं दोन महिने लपवलं, मी दोन वर्षं." दाराशी शेजारचे लोक जमले होते. त्यात दोन माझे जुने विद्यार्थी निघाले, साकोलीच्या शाळेतले. व्हायचे तसेच होते.

जमुनाबाईने माझ्याकडे पाहिलेच नाही. ती तुझ्या ताईला म्हणाली, "तुमाले नाई झालं?"

तुझी ताई म्हणाली, "याइच्या ताटातलं खाल्लं, याइच्या उशीवरचं रगत धुतलं. मले झालं त एकच झालं, कानानं कमी आयकाले येते. हे घोरते ना."

मंगरू हसला. दाराशी कोणी हसले. जमुनाबाई हसली नाही, पण खाली बसली. आणि त्याच वेळी घरामागून आवाज आला, "जमुना, पाव्हन्याइले सांग ना. थे गोळी आपल्या घरी बी हाये."

परसात एक खोपडी, कुडाची लहानशी झोपडी, आहे. तिच्यातून एक म्हातारी आली आणि अंगणाच्या कडेला, सगळ्यांपासून दूर, मातीत बसली. हाताची बोटे आत वळलेली. मंगरूची थोरली बहीण, रंभाबाई. नवऱ्याने घालवून दिल्यापासून ती त्या खोपडीत राहते. गावाला ठाऊक, सोयऱ्यांना नाही. दवाखान्याचा माणूस सायकलने गोळ्या आणून देतो, आणि वळल्या बोटांनी डबा उघडत नाही म्हणून जमुनाबाई रोज सकाळी स्वतः गोळी काढून तिच्या तोंडात घालते.

जमुनाबाई पदर डोळ्याला न लावता बोलली. म्हणाली, "एकीले लपवता लपवता माये केस पिकले, गुरुजी. दुसरी कोठं लपवू मी?"

हा तो रोग नव्हे, देवाची दया, असे एक वाक्य मी वाटेत घोकून ठेवले होते. ते माझ्या तोंडातच राहिले. रंभाबाई माझ्यासमोर बसली होती.

गोळी तशीच तळहातावर होती. तुझी ताई उठली, रंभाबाईजवळ जाऊन मातीत बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, याइले गोळी घ्याची हाये. तुमच्या लोट्यातलं घोटभर पानी द्या ना." म्हातारीने जमुनाबाईकडे पाहिले. मग खोपडीतून आपला लोटा दोन्ही मनगटांत धरून आणला आणि पुढे केला. मी पाणी वरून न ओतता लोटा तोंडाला लावून प्यालो. माझ्या पवित्र तलावाचे पाणी जन्मभर नाकातोंडाने प्यालो, त्याने मला दगा दिला. हे पाणी मात्र सरळ खाली उतरले.

होकार मिळाला नाही. गोपीचंद गाडीपर्यंत पोचवायला आला. गाडी दिसली तेव्हा म्हणाला, "आत्याचं तिले सांगजा गुरुजी. सांगून मंग थे नाई मनली त आमी तिले बोल नाई लावनार." आमचा न्यायनिवाडा करून घ्यायला गेलो होतो, तो त्या मुलाने जिजाच्या हाती देऊन टाकला.

घरी आल्यावर तुझ्या ताईने तिला सारे सांगितले. जिजा शेणात हात घालून बसली होती, ऐकता ऐकता गोवऱ्या थापत राहिली. मनिराम दारात उभा होता. शेवटची गोवरी थापून तिने विचारले, "जमुनाबाई मासे विकाले गेली त आत्याचा डबा कोन खोलते?"

मनिरामने याचा अर्थ मला विचारला. तुझी ताई म्हणाली, वैशाखाची तयारी कर.

टिकाराम

—

सानगडी, २ फेब्रुवारी १९८२

चि. इश्वर यास आशीर्वाद. वि. वि.

लग्नाला तू येऊन गेलास, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. माझी मंगलाष्टके ऐकून तुला तुझ्या शस्त्रक्रियेचा अभिमान वाटला असे तू म्हणालास. रंभाबाई मांडवात पुढे बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती, हेही तू पाहिलेस. एका बाजूला तुझी ताई जाऊन बसली. दुसरी बाजू शेवटपर्यंत रिकामीच राहिली. सारे एका दिवसात होत नाही.

गेल्या आठवड्यात सिहोऱ्याला गेलो होतो. जिजाचे नाक मोकळे आहे. जमुनाबाई पहाटेच टोपली घेऊन तुमसरच्या बाजाराला जाते. मग जिजा खोपडीपुढे बसते, दोन्ही डबे उघडते, एक गोळी म्हातारीच्या तोंडात, एक आपल्या, आणि एका लोट्यातले पाणी दोघी पितात. म्हातारी तिला उशिरा उठल्याबद्दल मुद्दाम शिव्या देते. सासू देत नाही, कोणीतरी द्यायला हवे, असे जिजाचे मत आहे.

वर्ष झाले, आता गोळी थांबव, असा तुझा निरोप मी तिला दिला. तिने डबा परत केला नाही. त्यात तिने लगेच बत्तासे भरले. म्हणाली, "आत्याची त जलमभर हाये. एकटीनं कायले खावं तिनं?" मी निघालो त्या सकाळी रंभाबाईने गोळी खाल्ली तेव्हा हिने बत्तासा खाल्ला. म्हातारीची नजर मंद झाली आहे. तिला फरक कळतो की नाही, ते मी विचारले नाही.

आता माझे. डाव्या बाजूला पुन्हा उगवले आहे. सकाळी चोंदते, श्वासाबरोबर हलते. हे मला कसे कळले, असे आता विचारू नकोस. पुढच्या सोमवारी निघतो. खाट मोकळी ठेव. या वेळी मी कोणाच्याही सोबतीला येत नाही, रोगी मीच आहे. सिस्टरना तसेच सांगेन.

तुझी ताई बरोबर आहे. तिने उशी घेतली आहे, आणि तुझ्यासाठी दिवाळीचा नसला तरी फराळ.

लोभ पूर्वीसारखाच असू दे, आणि हात या वेळी थोडा हलका.

टिकाराम कापगते